आधी पाणी, मग कागद: प्रयोगशाळेतल्या फजितीपासून अपघातापर्यंत

बारावी विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली की नवीन जालन्यात जर्नलं पुरी करण्याची धांदल उडते. झेरॉक्सच्या दुकानांपुढे आणि शिकवणीच्या जिन्यांवर रीडिंग उतरवून घेणारी मुलं दिसतात. याच दिवसांत त्यांच्या आईवडिलांचे प्रश्नही ठरलेले असतात. मुलीची बोटं काळी पडलीत, ॲसिड असेल का? मुलाच्या हातून ब्यूरेट फुटली, गुण कापतील का? दुपारी डोळ्यात काहीतरी उडालं होतं, त्यानं रात्री जेवताना सांगितलं, आता काय करायचं? हात भाजल्यामुळे प्रात्यक्षिक बुडालं तर वर्ष जाईल का? दवाखान्याचा खर्च कुणी द्यायचा?

यातले काही प्रश्न हसून सोडून देण्यासारखे आहेत, तर काहींना मिनिटाचाही उशीर परवडत नाही. घोळ होतो तो इथेच. काळ्या बोटांनी घर हादरतं आणि डोळ्यात उडालेल्या थेंबाकडे 'होईल कमी' म्हणून दुर्लक्ष होतं. कोणत्या प्रसंगी काय करायचं, कॉलेजकडून काय मागायचं आणि कोणते कागद जपायचे, ते तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

अपघात फक्त नवशिक्यांच्या हातून होतात असं नाही. ज्यांच्या नावाचा बर्नर प्रत्येक लॅबमध्ये असतो त्या रॉबर्ट बुन्सेन यांनी तरुणपणीच, आर्सेनिकच्या संयुगावर काम करताना झालेल्या स्फोटात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली. बासलच्या ख्रिस्तियान शोनबाइन यांचा किस्सा मात्र हसत हसत सांगितला जातो. १८४५ च्या सुमारास त्यांनी म्हणे घरच्या स्वयंपाकघरात सांडलेलं ॲसिडचं मिश्रण बायकोच्या सुती ॲप्रननं पुसलं आणि तो ॲप्रन शेगडीपाशी वाळत टाकला. वाळताच तो क्षणात भडकून नाहीसा झाला, आणि त्यातून गनकॉटन नावाचं स्फोटक जगाला कळलं. आपल्याकडची आठवण दुःखाची आहे. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आग लागली आणि दोन तरुण संशोधक दगावले.

घाबरू नका, असे प्रसंग

सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण दिसायला अगदी पाण्यासारखं. सॉल्टमध्ये क्लोराइड आहे का हे बघताना त्याचे दोन थेंब बोटावर पडतात, मुलगी बोट ॲप्रनला पुसते आणि विसरून जाते. दुपारी बसस्टँडवर उभी असताना बोटाच्या टोकाला करडी छटा येते. संध्याकाळपर्यंत नखाची कड, पेराची घडी, अंगठ्याचा उंचवटा असं सगळं शाईसारखं काळं होतं आणि आई साबण, लिंबू, रॉकेल असं एकेक करून पाहते. डाग हलत नाही. उजेडानं आणि त्वचेच्या संपर्कानं त्या द्रावणातली चांदीच बारीक कणांच्या रूपात कातडीत बसलेली असते. वरची त्वचा झडेल तसा डाग आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातो. घासून कातडी सोलू नका. हेच द्रावण डोळ्यात गेलं तर मात्र तो धोका आहे. त्याचे उपाय पुढे आहेत.

पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डागही असेच निरुपद्रवी. पिवळ्या डागांचं तसं नाही. नायट्रिक ॲसिड कातडीतल्या प्रथिनांशी भिडलं की त्वचा पिवळी पडते, म्हणजे ॲसिड तिथं पोचलेलं असतं. डाग पिवळा असेल तर आधी भरपूर पाण्यानं धुवा; आग होत असेल, फोड आला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

हायड्रोजन सल्फाइडचा वास हा पिढ्यान्पिढ्यांचा विनोद आहे. लॅबमध्ये वायू सुटला की कुजक्या अंड्यांचा दर्प पार ऑफिसपर्यंत जातो आणि दिवसभर एकमेकांकडे बोटं दाखवली जातात. पण याबाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या वायूचं प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'आता वास गेला' याचा अर्थ वायू गेला असा होत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, डोळे चुरचुरले तर प्रयोग अर्धवट टाकून बाहेर मोकळ्या हवेत या.

इथे हसू नका

कॉस्टिक सोड्याचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे बाटलीतून काढताना साबुदाण्यासारखे पांढरे आणि कोरडे दिसतात. तराजूवर कागद ठेवून ते मोजेपर्यंत हवेतला ओलावा ओढून ते चकाकू लागतात, कागद ओला होतो आणि एखादा दाणा बोटाला चिकटतो. बोट बुळबुळीत लागतं. मुलांना वाटतं, साबण लागलाय. तो बुळबुळीतपणा म्हणजे कातडीतल्या स्निग्धाचा साबण व्हायला लागलेला असतो. ॲसिड लागलं की लगेच आग होते, माणूस ओरडतो आणि नळाकडे धावतो. सोडा सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मुलं तसाच हात डोळ्याला लावतात. डोळ्यासाठी तीव्र सोडा हा बऱ्याच ॲसिडांपेक्षा घातक, कारण तो आत खोल झिरपत जातो.

आणखी चार प्रसंग प्रत्येक कॉलेजात कधी ना कधी घडतातच:

- तोंडानं पिपेट ओढणं. लक्ष ब्यूरेटवर, पिपेटचं टोक द्रावणाच्या वर येतं आणि घोट थेट तोंडात. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. रबरी फुग्यानं किंवा पंपानंच पिपेट भरा.
- परीक्षानळीचं तोंड शेजाऱ्याकडे. तळाशी उष्णता साचली की द्रव एकदम उसळून बाहेर येतो. नळी तिरकी धरा, हलवत राहा आणि तोंड भिंतीकडे ठेवा.
- ॲसिडमध्ये पाणी. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पाणी ओतलं की ते तिथल्या तिथे उकळून अंगावर उडतं. पाण्यात ॲसिड, तेही थेंबाथेंबानं आणि ढवळत.
- सोनोमीटरची तार. फिजिक्सची लॅब सुरक्षित समजली जाते. वजनं वाढवत नेताना तार तुटली तर ती चाबकासारखी परत येते. रीडिंग घेताना डोळा तारेच्या रेषेत आणू नका. पाय लोंबत्या वजनांच्या खाली नकोत.

रॉकेलमध्ये ठेवलेला सोडियमचा तुकडा चिमट्यानं लांबवून बेसिनमध्ये टाकायचा, ही खोडी धाडसाची मानली जाते. पाण्याशी गाठ पडताच सोडियम वितळतो, हायड्रोजन पेटतो आणि जळते कण वितळलेल्या कॉस्टिक सोड्यासह उडतात. म्हणजे भाजणं आणि सोडा, दोन्ही एकाच वेळी, बहुधा चेहऱ्यावर. तुमच्या मुलानं हा किस्सा कौतुकानं सांगितला तर तिथेच बसवून हे समजावून सांगा.

पहिला प्रश्न: बेसिनच्या नळाला पाणी आहे का?

प्रयोगशाळेतल्या बहुतेक अपघातांवर पहिलं औषध पाणी, आणि जालन्यात तोच प्रश्न अवघड आहे. इथे नळाला रोज पाणी येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीच्या तलावानं तळ गाठला आणि शहर टँकरवर आलं, ते दिवस कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरच्या लोकांना आठवतात. पुढे जायकवाडीहून जलवाहिनी आली, तरी साठवून ठेवल्याशिवाय घरं चालत नाहीत. कॉलेजची टाकीही अशीच भरते. टाकी रिकामी असली की लॅब असिस्टंट बादलीत पाणी आणून ठेवतात आणि मग्गा मग्गा पुरवत प्रात्यक्षिक उरकतं. प्रयोगापुरतं ते चालूनही जातं, अपघाताला अजिबात पुरत नाही.

हिशेब करून बघा. रसायन कातडीवर सांडलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी हवं. मिनिटाला ५ लिटर अशी बारीक धार धरली तरी १०० लिटर झाले. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार या धारेनं चार मिनिटांत संपतो. डोळ्याची गोष्ट थोडी सोपी आहे. डोळे धुण्याच्या उपकरणांसाठी अमेरिकेत जे मानक वापरतात त्यात मिनिटाला दीड लिटर पाणी, सलग पंधरा मिनिटं, असा हिशेब आहे, म्हणजे साडेबावीस लिटर. तोटीचे दोन भरलेले जार कट्ट्याच्या उंचीवर ठेवले, त्यावर 'फक्त डोळ्यांसाठी' असं लिहिलं आणि पाणी नियमित बदललं, तर पाणीटंचाईच्या गावातही डोळा वाचवता येतो. याला खर्च किती येतो, याचा विचार संस्थाचालकांनी करावा. ज्या लॅबमध्ये पाणी साठवलेलं नाही त्या लॅबमध्ये त्या दिवशी ॲसिडचं प्रात्यक्षिक घेऊच नये, असं स्पष्ट म्हणायला हवं.

पालकसभेला जाल तेव्हा फीबद्दल बोलण्याआधी लॅब दाखवा म्हणा आणि एवढं बघून या:

- बेसिनचा नळ उघडून पाहा. पाणी येतं का? टाकीत लॅबसाठी वेगळा साठा राखलेला आहे का?
- वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडं आहे का? नळकांड्यावरची तपासणीची तारीख उलटली तर नाही?
- दोन दरवाजे असतील तर दुसऱ्याला कुलूप आहे का? त्याच्यापुढे मोडकी बाकं रचली आहेत का?
- प्रात्यक्षिकाच्या वेळी शिक्षक स्वतः हजर असतात, की परिचरांच्या भरवशावर बॅच चालते?
- डोळ्यांसाठी गॉगल किती आहेत?

पहिली वीस मिनिटं

धुणं आणि सरांना हाक मारणं, दोन्ही एकाच वेळी. धुणं थांबवून सांगायला जाऊ नका. शेजारच्या मुलाला पाठवा.

१. कातडीवर द्रव सांडला तर नळाखाली धरा आणि धुता धुताच भिजलेले कपडे, घड्याळ, अंगठी, बांगड्या काढा. लाज वाटते म्हणून मुली भिजलेली ओढणी किंवा कुर्ता तसाच ठेवतात. मॅडमनी इतरांना बाहेर काढून आडोसा करून द्यावा.

२. कोरडी भुकटी किंवा दाणे असतील तर आधी कोरड्या कापडानं झटका, मग धुवा. सोडियमचे कण चिकटले असतील तर चिमट्यानं काढल्यावरच पाणी.

३. डोळ्यात उडालं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पंधरा ते वीस मिनिटं धुवा. दुखरा डोळा खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना काढा. डोळा चोळू नका. बरं वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

४. भाजलं तर वीस मिनिटं साधं थंड वाहतं पाणी. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काही लावू नका. डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि जखम चिघळते.

५. कपड्यांनी पेट घेतला तर धावू देऊ नका. जमिनीवर आडवं करून लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाका, पाणी ओता.

६. गिळलं तर चूळ भरायला लावा, उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक लॅबच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

ॲसिडवर सोडा आणि सोड्यावर लिंबू, हा पुस्तकातला उदासिनीकरणाचा धडा माणसाच्या अंगावर करून बघू नका. त्यातून निघणारी उष्णता आणखी भाजते.

रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. निघताना बाटलीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून घ्या, कारण डॉक्टर पहिला प्रश्न 'काय सांडलं?' हाच विचारतात. दवाखान्यात 'पोलीस केस आहे, आधी कागद आणा' असं कुणी म्हणालं तर घाबरून परत फिरू नका. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की जखमीचा जीव वाचवणं हे डॉक्टरांचं पहिलं कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. खासगी डॉक्टरांनाही ते लागू आहे.

ॲप्रन सुती का हवा

डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक हवेशी संपर्क येताच पेटणारं रसायन सिरिंजनं ओढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि भडका उडाला. तिच्या अंगात ॲप्रन नव्हता आणि स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. अठरा दिवसांनी ती गेली. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. सुती कपडा जळतो, पण ओढून काढता येतो. बाजारात स्वस्तात मिळणारे चकचकीत पांढरे ॲप्रन बहुतेक टेरिकॉटचे असतात. घेताना शंभर टक्के सुतीच मागा, पूर्ण बाह्यांचा घ्या. ओढणी आत खोचून किंवा काढून ठेवा, केस बांधा, आणि उन्हाळ्यात कितीही उकडलं तरी लॅबमध्ये चपलेऐवजी बूट.

स्पिरिटच्या दिव्याचं एक वेगळं लक्षात ठेवा. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. 'विझलाय' असं समजून त्यात स्पिरिट ओतलं की ज्योत धारेवरून चढत बाटलीत शिरते. न्यूयॉर्कच्या एका शाळेत जानेवारी २०१४ मध्ये शिक्षिका रंगीत ज्वालांचं प्रात्यक्षिक दाखवत असताना मेथॅनॉलचा असाच भडका उडाला आणि समोर बसलेली मुलं होरपळली. दिवा टोपणानं विझवा, पूर्ण गार होऊ द्या, मग दुसऱ्या टेबलावर नेऊन भरा.

पारा, जुन्या बाटल्या आणि भंगार

थर्मामीटर फुटला की पाऱ्याच्या गोळ्या टेबलावर पळतात आणि मुलं त्या तळहातावर घेऊन खेळतात. आजच्या पालकांपैकी अनेकांनी शाळेत तेच केलं असेल. पारा हाताला लागण्यापेक्षा त्याची वाफ श्वासात जाणं वाईट, आणि ती बंद खोलीत फटीत अडकलेल्या थेंबांतून कित्येक दिवस निघत राहते. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, झाडू मारू नका. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र ढकला, ड्रॉपरनं उचला आणि पाणी असलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. सोन्याची अंगठी आधी काढा. पारा सोन्याला धरतो.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या भंगारावर चालतात, त्यामुळे भंगाराचा मोठा व्यवहार या शहरात आहे. शाळा-कॉलेजांची जुनी उपकरणंही भंगारात जातात. इथे दिल्लीची घटना आठवायला हवी. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, वर्षानुवर्षं वापरात नसलेलं एक किरणोत्सारी यंत्र लिलावात विकलं गेलं आणि २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं. आतल्या कोबाल्ट-६० मुळे अनेक कामगार आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत असं यंत्र नसतं. पाऱ्याचे बॅरोमीटर, चिठ्ठी गळून पडलेल्या बाटल्या, गंजलेले गॅस सिलिंडर मात्र असतात. लॅबची साफसफाई म्हणून मुलांना अशा बाटल्या बेसिनमध्ये ओतायला सांगितलं तर त्यांनी नकार द्यावा आणि तुम्ही प्राचार्यांशी बोलावं.

ॲसिडबाबत तर न्यायालयाचा आदेशच आहे. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली, तेव्हा शैक्षणिक संस्था आणि प्रयोगशाळांनाही तीन गोष्टी बंधनकारक केल्या: वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करणं, ॲसिडच्या साठ्यासाठी एका व्यक्तीला जबाबदार ठरवणं, आणि लॅबमधून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करणं. 'ॲसिडची नोंदवही कुणाकडे असते?' हा प्रश्न पालकसभेत विचारायला तुम्ही मोकळे आहात.

'नाही' कुठे म्हणता येतं

तोंडानं पिपेट ओढायला सांगितलं तर फुगा मागा. जीवशास्त्रात रक्तगट तपासताना प्रत्येकासाठी नवी, तुमच्यासमोर फोडलेली लॅन्सेट हवी. एकच सुई स्पिरिटनं पुसून वर्गभर फिरवली जात असेल तर बोट पुढे करू नका. कावीळ 'ब' आणि एचआयव्ही अशा सुईतून पसरू शकतात. पुरेशी भूल न चढलेला बेडूक ट्रेमधून उडी मारून मुलींच्या घोळक्यात पडला, हा किस्सा आता आईवडिलांच्याच पिढीत उरला आहे. प्राणीशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं प्राण्यांचं विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये बंद केलं.

भांडं फुटलं, दंड किती?

लपवलेला अपघात सर्वांत महाग पडतो, आणि मुलं तो लपवतात ते बहुतेक दंडाच्या धाकानं. फुटलेल्या फ्लास्कच्या काचा रुमालात गुंडाळून दप्तरात घालणारा मुलगा हात कापून घेतो, आणि सांडलेलं ॲसिड वहीच्या पानानं टिपणारी मुलगी पुढच्या बॅचच्या कोपराखाली ते ठेवून जाते. ज्या कॉलेजात भांडं फुटताच तिथल्या तिथे पैसे मागितले जातात तिथे मुलं खरं सांगणार नाहीत, हे शिक्षकांनी समजून घ्यावं. ब्रेकेजचा हिशेब वर्षाअखेरीला, शांतपणे व्हावा.

प्रवेशाच्या पावतीवर 'लॅबोरेटरी डिपॉझिट' किंवा 'कॉशन मनी' असा रकाना असेल तर ती अनामत आहे. कॉलेज सोडताना ब्रेकेज वजा करून उरलेले पैसे परत मागा आणि वजावटीचा तपशील लेखी घ्या. परीक्षेत ब्यूरेट फुटली तर हात वर करून दुसरी मागा. गुण प्रयोगाला, जर्नलला आणि तोंडीला असतात, फुटलेल्या काचेला नाहीत.

प्रात्यक्षिक बुडालं तर

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी या प्रत्येक विषयात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. भाजल्यामुळे किंवा दवाखान्यात असल्यामुळे ठरलेल्या दिवशी हजर राहता आलं नाही तर वर्ष जात नाही. राज्य मंडळ अशा विद्यार्थ्यांसाठी लेखी परीक्षेनंतर 'आउट ऑफ टर्न' प्रात्यक्षिक घेतं. त्यासाठी एवढं करा:

- त्याच दिवशी कॉलेजला लेखी कळवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. तारखा परीक्षेच्या दिवसाशी जुळल्या पाहिजेत.
- अर्ज कॉलेजमार्फतच मंडळाकडे जातो. जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. कॉलेजनं अर्ज पाठवला का, याचा पाठपुरावा तुम्हीच करा.
- लिहिता हात जायबंदी असेल तर लेखी परीक्षेसाठी लेखनिक मिळावा म्हणून वेगळा अर्ज लगेच द्या. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका.

खर्च आणि सानुग्रह अनुदान

पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. हप्ता भरावा लागत नाही. जून २०२२ च्या सुधारणेनुसार अपघाती मृत्यूसाठी दीड लाख रुपये, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे निकामी होऊन आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी एक लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास ७५ हजार, आणि अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागल्यास प्रत्यक्ष खर्च, कमाल एक लाखापर्यंत, अशी तरतूद आहे. बऱ्याच पालकांना वाटतं की ही योजना रस्त्यावरच्या अपघातापुरती किंवा सर्पदंशापुरती आहे. लॅबमध्ये डोळा गेला तरी अर्ज करा.

अर्ज मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. पोलिसांकडची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, अपंगत्व असेल तर शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र, शस्त्रक्रियेची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड हे कागद लागतात. म्हणूनच 'कशाला पोलीस, मुलाचं नाव होईल' म्हणून सुरुवातीलाच नोंद टाळू नका. दवाखान्यातल्या नोंदीत 'प्रयोगशाळेत रसायन उडाले' असं कारण लिहिलं आहे का, ते बघून घ्या. घाईत तिथे 'घरी भाजले' असं लिहिलं गेलं तर पुढे ते खोडता खोडता नाकी नऊ येतात. मोठा उपचार असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांवरचे उपचारही येतात. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

पदवीच्या मुलांना ही सानुग्रह योजना लागू नाही. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र जालन्यात सुरू झालं, शासकीय तंत्रनिकेतन आहे, विज्ञानाची महाविद्यालयं आहेत, आणि बियाणे व पोलाद उद्योगांच्या चाचणी प्रयोगशाळांत इथली मुलं प्रशिक्षणाला जातात. या सगळ्यांनी प्रवेशाच्या पावतीवर विद्यार्थी विम्याचा रकाना आहे का ते बघावं, असेल तर पॉलिसीची प्रत कार्यालयातून मागून घ्यावी, आणि उद्योगात प्रशिक्षणाला जाण्याआधी 'अपघात झाल्यास खर्च कोण देणार' हे लेखी विचारावं. डिपॉझिट अडवून ठेवलं किंवा लॅबमधल्या धोक्याची तक्रार कुणी ऐकून घेतली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. तक्रारीसोबत लॅबचे फोटो, घटनेची तारीख आणि वेळ, त्या वेळी हजर असलेल्या विद्यार्थ्यांची नावं आणि अर्जाची पोच जोडा.